वानवळा आणि वाळवण

धान्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. राजाच्या कोठारांत किती खंडी जोंधळा होता, सारा किती वसूल झाला, दुष्काळांत धारण किती चढली, याच्या नोंदी जुन्या दप्तरांतून सांपडतात. परंतु परसांतल्या दोडक्याची नोंद कोणत्या दप्तरानें ठेविली आहे? एकाच आठवड्यांत वेलाला घराला पुरून उरतील इतके दोडके लागले, तेव्हां त्या घरच्या बाईनें त्यांचें काय केलें, हा प्रश्न कोणत्याहि बखरकाराला पडलेला दिसत नाहीं. श्रोतेहो, आज याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचा माझा विचार आहे.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण उरलेल्याचें काय करावें, हा प्रश्न कोणत्याहि समाजाच्या मुळाशीं जाऊन भिडतो. धान्य सांठवितां येतें, मापानें मोजतां येतें, म्हणून त्यावर कर बसवितां येतो. आणि त्याच्या शिलकेवर फौजा, किल्ले आणि राज्यें उभीं राहतात. भाजीचें तसें नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं कोमेजते आणि चौथ्या दिवशीं सडते. ती कोठारांत भरून कोणी सावकार झाला नाहीं. तिची शिलक जेथल्या तेथें, चार घरांच्या आंत, चार दिवसांच्या आंत मार्गी लावावी लागते. ती मार्गी लावण्याच्या ज्या रीति आपल्या खेड्यांनीं शोधून काढल्या, त्यांचा हा वृत्तांत आहे.

उदाहरणासाठीं परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव तेथील नृसिंहाच्या मंदिरामुळें मराठवाड्यांत सर्वतोमुखीं आहे. रेल्वेच्या स्थानकालाहि पोखर्णी नृसिंह असेंच नांव आहे. तेथून पुढें गेलें म्हणजे गंगाखेड लागतें, गोदावरीचा कांठ लागतो. संत जनाबाईंचें तें गांव. हा सारा मुलूख काळ्या, चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. ज्वारी, कापूस, तूर आणि हरभरा हीं येथील शेतांचीं पिकें. आणि भाजीपाला हा मुख्यतः मोटेच्या मळ्यावर किंवा घरामागच्या परसांत होणारा. पुढें मी जें सांगणार आहें, तें एकट्या पोखर्णीचें नाहीं. त्या बाजूच्या कोणत्याहि गांवाला तें थोड्याफार फरकानें लागू पडेल.

जुन्या घरांत परसाला वेगळें पाणी कोणी घालीत नसे. न्हाणीचें आणि भांडीं घांसल्याचें सांडपाणी एका चरींतून आळ्यांत सोडीत. त्यावर अळू, केळ आणि एखाददुसरें वांग्याचें झाड जगे. पावसाळा लागला कीं कुंपणावर दोडका, कारलें आणि दुधी चढत. उकिरड्याशेजारीं तांबडा भोपळा पसरे. ज्वारीच्या पाटांत अंबाडी, भेंडी आणि गवार टोंचलेली असे. श्रावणापासून आश्विनापर्यंत या साऱ्यांना एकदम बहर येई. नंतर थंडींत मळ्याचा हंगाम : वांगीं, मेथी, मुळा, कोथिंबीर आणि शेतांतला हरभऱ्याचा कोंवळा पाला. फाल्गुनांत विहिरीचें पाणी खालीं गेलें कीं हें सर्व आटोपे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ आणि बहुधा आषाढहि, असे चार महिने घरांत हिरवें पान दिसण्याची मारामार.

म्हणजे प्रश्न दुहेरी होता. सात-आठ महिने खाऊन संपत नाहीं, आणि चार महिने खायला मिळत नाहीं. त्यांतहि एक मेख अशी, कीं पहिला बहर येतो तो ऐन पावसाळ्यांत, जेव्हां उन्हाचा भरंवसा नसतो. आणि दुसरा येतो थंडींत, जेव्हां हवा कोरडी असते व ऊन लख्ख असतें. या एका गोष्टीमुळें शिलकेच्या दोन निरनिराळ्या वाटा पडल्या. पावसाळ्यांतली भाजी वांटून टाकावी, हिंवाळ्यांतली वाळवून ठेवावी. पहिल्या वाटेचें नांव वानवळा, दुसरीचें वाळवण.

वानवळा हा शब्द शहरांतल्या पुष्कळ तरुणांना आज परका झाला आहे. आपल्या शेतांत किंवा परसांत जें कांहीं पिकलें, त्याचा थोडासा वांटा आपुलकीनें दुसऱ्याच्या घरीं पाठविणें, याला वानवळा म्हणतात. मालाचा नमुना या अर्थाचा वानगी हा शब्द त्याच्या जवळचा आहे. वानवळा मापानें देत नाहींत. सुपांतून, टोपलींतून किंवा पदराच्या ओच्यांतून देतात. त्याची किंमत काढीत नाहींत. ज्या भांड्यांतून तो आला, तें भांडें रिकामें परत पाठवूं नये, असा महाराष्ट्रांतल्या घरांचा दंडक आहे. निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालावी. यामुळें एका घरचे दोडके दुसऱ्या घरीं जात आणि आठ दिवसांनीं तिकडून कोथिंबिरीची जुडी किंवा ताकाचा तांब्या येई. लेकीच्या सासरीं, गांवच्या शिक्षकाकडे, बाळंतिणीच्या घरीं वानवळा आवर्जून जाई.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ही मोठी शहाणपणाची पद्धत होती. आज जी भाजी माझ्या घरीं सडणार, ती मी दुसऱ्याच्या पोटांत सांठवितों. आणि त्याच्या मनांत माझें एक ऋण राहतें. तें ऋण मात्र सडत नाहीं. विहीर आटली, बैल मेला, घरांत दुखणें आलें, अशा वेळीं तें उपयोगी पडतें. ज्या काळीं खेड्यांत पतपेढी नव्हती आणि विमा नव्हता, त्या काळीं हा व्यवहार विम्याचेंच काम करीत असे.

याच्याच शेजारीं भाजीचा आणखी एक व्यवहार चाले आणि त्याचें स्वरूप अगदीं उलट होतें. आठवड्याच्या बाजारांत माळीण टोपली घेऊन बसली, कीं पाटलाचा किंवा दुसऱ्या वतनदाराचा माणूस येऊन टोपलींतून मूठभर माल हक्क म्हणून उचली. या मुठीला फसकी म्हणत. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत खेड्यांतल्या अशा देण्याघेण्याचें फार बारकाईनें वर्णन केलें आहे. फसकी आणि वानवळा यांत जिन्नस तोच, परिमाणहि जवळजवळ तेंच; एक ओंजळ भाजी. परंतु एक ओंजळ हात घालून नेलेली आणि दुसरी हात पुढें करून दिलेली. राज्यकर्त्यांना भाजीवर मोठा कर बसवितां आला नाहीं, तरी तिच्यावरचा हात त्यांनीं पुरता काढून घेतला नव्हता, हें फसकीवरून दिसतें.

वानवळ्याचें कौतुक करतांना त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. नाहीं तर तो इतिहास न होतां गोडवा होईल. वानवळा बरोबरीच्या घरांत फिरे. ज्याच्याकडून परतफेड घ्यावयाची नाहीं, किंवा ज्याच्या घरचें भांडेंच आपल्या घरांत आणावयाचें नाहीं, त्याला वानवळा जात नसे. गांवाच्या कडेला ज्यांना राहावें लागे, त्यांच्या वांट्याला हक्काच्या नांवाखालीं शिळें व उरलेंसुरलें येई, आणि तेंहि दारांत उभें राहून मागावें लागे. देण्याच्या या दोन तऱ्हा एकाच घरांतून, एकाच हातानें होत. १९२७ च्या मार्चमध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लोकांना शिळ्या तुकड्यांसाठीं माणुसकी विकण्याची रीत सोडून द्या असें निक्षून सांगितलें, तें या पार्श्वभूमीवर ध्यानांत घ्यावें. देणें हें नेहमींच औदार्य नसतें. घेणारा उद्यां देणारा होऊं शकतो कीं नाहीं, यावरून त्याची पारख करावी लागते.

दुसरी मर्यादा निसर्गाची. पिकतें तेथें विकत नाहीं, अशी म्हण आहे. आणि खरें पाहूं जातां पिकतें तेथें वानवळाहि फारसा खपत नाहीं. भाद्रपदांत सर्वांच्याच कुंपणावर दोडके लोंबत असले, तर कोणी कोणाला द्यावे? अशा वेळीं दुसरी वाट धरावी लागते. ती म्हणजे वाळवण.

भाजी वाळवून ठेवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची हस्तलिखित प्रत म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं तो ग्रंथ छापून निघाला. त्यांत दुर्गाच्या रचनेचें प्रकरण आहे. किल्ल्यांत वर्षानुवर्षें पुरेल असा कोणता साठा ठेवावा, याची यादी तेथें दिली आहे. तेल-तूप, धान्य, मीठ आणि औषधें यांच्या जोडीला शुष्कशाक, म्हणजे वाळविलेली भाजी, तींत स्पष्ट नमूद आहे. वेढा पडल्यावर जें सैनिकाला लागतें, तेंच वैशाखांत कुणब्याच्या घराला लागतें. किल्लेदाराची आणि घरधनिणीची यादी या ठिकाणीं एक झाली आहे.

चरकसंहितेचें म्हणणें मात्र थोडें निराळें आहे. तिच्या सूत्रस्थानांत, रोज कोणते पदार्थ खाऊं नयेत हें सांगतांना, वाळलेल्या भाज्यांचें नांव येतें; कारण त्या पचावयास जड. म्हणजे राजनीतीनें जें कोठारांत भरावयास सांगितलें, तें वैद्यकानें नेहमींच्या ताटांतून वगळावयास सांगितलें. या दोन मतांत मला विरोध दिसत नाहीं. वाळवण हा अडचणीच्या दिवसांचा आधार आहे. ताज्या भाजीची जागा तें घेऊं शकत नाहीं. आपल्या घरांनींहि तें नेमकें असेंच वापरलें.

मध्ययुगाकडे वळलें तर कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर आपल्याला भेटतो. त्याच्या राज्यांत मराठवाड्याचा मुलूख होता. ११३० च्या सुमारास त्यानें रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत अन्नभोग नांवाचें प्रकरण आहे. त्यांत अनेक पदार्थांच्या कृति आहेत. पण त्यांत मिरची नाहीं, बटाटा नाहीं आणि टोमॅटोहि नाहीं. हीं तिन्ही अमेरिका खंडांतलीं झाडें. मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. याचा अर्थ असा, कीं आज जिच्यावांचून उन्हाळ्याचें वाळवण पुरें होत नाहीं, ती ताकांत मुरवून वाळविलेली सांडगी मिरची फार तर चारशें-साडेचारशें वर्षांची आहे. परदेशाहून आलेल्या फळाला आपल्या बायकांनीं आपल्या जुन्या रीतीनें ताक-मीठ लावलें, आणि दोन-चार पिढ्यांत तें इतकें घरचें झालें, कीं त्याचें परकेपण कोणाला आठवेनासें झालें.

आतां वाळविण्याची कृति थोडी तपशिलानें पाहूं. मराठवाड्यांत भाजीपाल्याला माळवें म्हणतात आणि घराच्या सपाट, मातीच्या छपराला माळवद म्हणतात. हे दोन शब्द एकाच मुळांतून निघाले असें मी सुचवीत नाहीं. परंतु घरच्या माळव्याची आणि घरावरच्या माळवदाची गांठ दर वर्षीं पडत असे, एवढें खरें. कोंकणांतल्या उतरत्या कौलांवर किंवा गवताच्या छपरावर जें साधणार नाहीं, तें माळवदावर सहज साधे. दिवसभर ऊन, खालून तापलेली माती, वरून कोरडा वारा आणि गुरांढोरांपासून सुटका. जुन्या सतरंजीवर किंवा धुतलेल्या लुगड्यावर भाजी पसरावी आणि कावळा-चिमण्या हांकण्यासाठीं एखादें पोर बसवावें, एवढीच सामुग्री.

प्रत्येक भाजीची तऱ्हा मात्र वेगळी. वांगीं आणि कारलीं यांच्या पातळ चकत्या करून वाळवीत, त्या काचऱ्या. गवारीच्या शेंगा किंचित् वाफवून, मीठ घातलेल्या ताकांत बुडवून मग उन्हांत टाकीत. कोहळा किसून, पिळून, भिजवून वाटलेल्या डाळींत कालवून त्याचे सांडगे घालीत. मेथी व अंबाडी यांचीं पानें शक्यतों सावलींत सुकवीत, म्हणजे रंग राहतो. अंबाडीच्या बोंडांचीं लाल सालें आंबटासाठीं वाळवून ठेवीत. तांबडा भोपळा आणि कोहळा यांना तर कांहींच करावें लागत नसे; त्यांची साल जाड व मेणचट, म्हणून पूर्ण पिकलेलीं फळें न फोडतां आढ्याला टांगलीं कीं महिनोन् महिने टिकत.

या सर्वांत हरभऱ्याच्या पाल्याची गोष्ट मला विशेष मनोरंजक वाटते. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानें बायका हरभऱ्याचे शेंडे खुडावयास शेतांत जात. वरवर पाहतां हें पीक कापून खाणें झालें. परंतु शेंडा खुडल्यानें झाडाला बगलफांद्या अधिक फुटतात आणि घाटेहि अधिक लागतात. आजचें कृषिशास्त्रहि ही शिफारस करतें. खुडलेला पाला चार दिवस भाजीला होई आणि उरलेला वाळवून, चुरून मडक्यांत भरीत. हरभऱ्याच्या पानांवर नैसर्गिक आंब असते, त्यामुळें ही वाळलेली भाजी उन्हाळ्यांत थोड्या पिठावर शिजविली तरी तिला रुची येते. एकाच कामांत पीक सुधारलें, आजची भाजी झाली आणि उद्यांचीहि झाली.

हें सर्व टिकतें कां, याचें कारण त्या बायकांना पुस्तकी भाषेंत सांगतां आलें नसतें. पण त्यांच्या हाताला तें ठाऊक होतें. दुधी, दोडका, कोहळा यांत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतें. भाजी कुजविणारे सूक्ष्म जंतु पाण्यावांचून वाढत नाहींत. ऊन तें पाणी काढून घेतें, मीठ तें ओढून बाहेर आणतें, ताकांतला आंबटपणा जंतूंना नकोसा असतो. आणि भाजी आधीं वाफविल्यानें तिचा रंग व स्वाद बिघडविणारीं तिच्या अंगचींच द्रव्यें निकामी होतात. दहा किलो दोडक्यांचें वाळून किलोभरहि उरत नाहीं, म्हणून लहानशा उतरंडींत चार महिन्यांची बेगमी मावते. तोटा होतो तो जीवनसत्त्वांचा. क जीवनसत्त्व उन्हानें बरेंचसें नाहींसें होतें, आणि पालेभाजींतलें अ जीवनसत्त्वाचें मूलद्रव्यहि कडक उन्हांत घटतें. मेथी सावलींत सुकविण्याची जुनी रीत या दृष्टीनेंहि योग्यच होती.

शिलकेची आणखी एक वाट आहे. वेलावरचें सर्वांत उत्तम फळ खावयाचें नाहीं, विकावयाचें नाहीं आणि वांटावयाचेंहि नाहीं. तें वेलावरच पिकूं द्यावयाचें. तें बियांसाठीं. या बिया राखेंत घोळून गाडग्यांत ठेवीत, किंवा राख-शेणाच्या गोळ्यांत थापून भिंतीला चिकटवीत. रोहिणींत त्या काढीत आणि शेजारींपाजारीं वांटीत. भाजीचा वानवळा चार दिवसांचा; बियांचा वानवळा पिढ्यान् पिढ्यांचा. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं अशींच गांवठी बियाणीं जपून ठेविलीं, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां या मूक परंपरेचा प्रथमच एवढा मोठा गौरव झाला.

आपल्याकडे ऊन आणि मीठ यांवर भागत होतें, तेव्हां थंड देशांत हाच प्रश्न निराळ्या मार्गानें सोडविला जात होता. नेपोलियनच्या काळांत फ्रान्सच्या निकोला अपेर या हलवायानें भाज्या व फळें कांचेच्या बरण्यांत घालून, घट्ट बुचें मारून, उकळत्या पाण्यांत तापविलीं, तेव्हां तीं महिनोन् महिने टिकलीं. १८१० सालीं त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकांचें बक्षीस मिळालें आणि त्यानें आपली कृति छापून प्रसिद्ध केली. तीं कां टिकतात, हें त्यालाहि माहीत नव्हतें. लुई पाश्चर यांच्या संशोधनानें तें अर्धशतकानंतर उलगडलें. म्हणजे विद्येच्या बाबतींत अपेर आणि आपली सांडगे घालणारी आजी एकाच पायरीवर उभीं होतीं. फरक इतकाच, कीं त्याला सरकारनें बक्षीस दिलें आणि त्याचें नांव इतिहासांत राहिलें.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडवर जर्मन पाणबुड्यांनीं कोंडी आणली, तेव्हां तेथील सरकारनें अंगण, बाग, मैदान खणून भाजी लावा असा पुकारा केला. भाजी-फळें पिकलीं, पण एकदम पिकलीं, आणि उरलेल्याचें काय हा प्रश्न तेथेंहि उभा राहिला. तेव्हां खेड्यापाड्यांतल्या महिला संस्थांनीं सरकारकडून साखर मिळवून सार्वजनिक मुरांबे-केंद्रें उघडलीं, आणि एकट्या १९४० सालीं सोळाशें टनांहून अधिक जिन्नस बरण्यांत भरून ठेविले. आपल्याकडे १९४३ च्या सुमारास अधिक धान्य पिकवा ही मोहीम सुरू झाली, पण पिकलेलें टिकविण्याचें काम घरांतच राहिलें. तें पुस्तकांत आलें तें पाकशास्त्राच्या वाटेनें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें १९१० सालचें पुस्तक आणि कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ यांसारख्या ग्रंथांनीं घरांतली विद्या छापील पानावर आणली.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मार्ग खुला झाला आणि परभणी बाहेरच्या जगाला जोडली गेली. विहिरीवर मोटेऐवजीं इंजिन आलें, मग विजेचा पंप आला. १८ मे १९७२ रोजीं परभणी येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. या विद्यापीठानें केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांति’ ही भेंडीची जात १९८५ सालीं दिली, आणि तिनें परभणीचें नांव दूरदूरच्या मळ्यांत पोहोंचविलें. परसांतली भाजी शेतांत आली, शेतांतली बाजारांत गेली. पैसा हातीं आला, ही गोष्ट लहान नव्हे. वानवळ्यावर मुलांच्या शाळेचा खर्च भागत नाहीं.

परंतु जुना प्रश्न सुटला नाहीं; तो मोठा झाला. पूर्वीं टोपलीभर भाजी उरत होती, आतां गाडीभर उरूं लागली. लुधियाना येथील केंद्रीय काढणी-पश्चात् अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ सालच्या अहवालाप्रमाणें, भारतांत काढणीपासून ग्राहकापर्यंत पोहोंचेतों भाज्यांची नासाडी सुमारें ४.५८ ते १२.४४ टक्के होते. त्यांत सर्वांत अधिक टोमॅटोची. २०१६ च्या जुलैमध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला, तरी भाव कोसळावयाचे ते कोसळतातच. २०२३ सालीं उन्हाळ्यांत कवडीमोलानें गेलेला टोमॅटो त्याच वर्षाच्या जुलैंत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. दोन-तीन महिन्यांच्या अंतरानें एकदां पिकविणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणि एकदां विकत घेणाऱ्याच्या. पोखर्णीच्या जुन्या घरांतला, आठ महिने खाऊन संपत नाहीं आणि चार महिने मिळत नाहीं, हा प्रश्न येथें साऱ्या देशाच्या मापानें पुढें उभा राहिलेला दिसतो.

आणि नवलाची गोष्ट अशी, कीं त्याच्या उत्तरांतलें एक मराठवाड्यांतूनच, जुन्या माळवदाची आठवण करून देणाऱ्या रूपांत पुढें आलें आहे. मुंबईच्या रसायन-तंत्रज्ञान संस्थेंत शिकलेल्या कांहीं तरुणांनीं सूर्याच्या उष्णतेवर चालणारें, झांकलेलें, धूळ-माशांपासून सुरक्षित असें वाळवणयंत्र तयार केलें. एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज ही त्यांची संस्था छत्रपती संभाजीनगरकडच्या भागांतील शेतकरी स्त्रियांना हीं यंत्रें देते. बाजारांत न खपणारा कांदा, टोमॅटो व इतर भाज्या त्या स्त्रिया वाळवितात, आणि तो माल मोठ्या स्वयंपाकघरांना व कारखान्यांना जातो. २०२३ सालीं या संस्थेला दहा लक्ष पौंडांचें अर्थशॉट पारितोषिक मिळालें. अपेरला १८१० सालीं जें मिळालें, तशा प्रकारचा मान वाळवणाच्या विद्येला आपल्याकडे मिळावयास दोनशेंहून अधिक वर्षें लागलीं.

या नव्या वाळवणांत एक महत्त्वाचा फरक आहे. माळवदावर दिवसभर वांकून चकत्या पसरणाऱ्या बाईच्या श्रमाचा कोणी हिशेब ठेवीत नसे. गंगाखेडच्या जनाबाईंनीं आपल्या अभंगांत दळण-कांडणाला जागा दिली, म्हणून त्या कामाची तरी आठवण राहिली; एरवीं घरकाम हें काम या सदरांत मोजलेंच जात नव्हतें. आतां बचतगटाच्या वहींत त्याच कामापुढें रुपयांचा आंकडा पडतो. ही प्रगति आहे, आणि तिचें स्वागत केलें पाहिजे.

मात्र तिच्याबरोबर वानवळ्याचीहि कांहीं सोय लावतां आली तर बरें होईल. प्रत्येक उरलेल्या दोडक्याला जर किंमतच येऊं लागली, तर ज्याच्याकडे परस नाहीं आणि पैसाहि नाहीं, त्याच्या ताटांत तो कोणत्या मार्गानें पोहोंचावा? अलीकडच्या वर्षांत ग्रामीण जीवनोन्नति अभियानानें पोषण-परसबागेची मोहीम चालविली आहे. शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या आवारांतूनहि भाजीचे वाफे दिसूं लागले आहेत. या परसांतून उद्यां जें उरेल, त्याची वांटणी करतांना जुन्या वानवळ्यांतली आपुलकी घ्यावी आणि त्याच्या सीमारेषा मात्र सोडून द्याव्यात. गांवाच्या कडेचें घर त्यांतून वगळलें जाऊं नये. जुन्या रीतींतलें काय ठेवावें आणि काय टाकावें, हें ठरविणें एवढाच इतिहास वाचण्याचा उपयोग.

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंती येते. पोखर्णीला यात्रेकरूंची गर्दी होण्याचा तो दिवस. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि मळ्यांत हिरवें असें थोडेंच उरलेलें असतें. त्या दिवसांत पाहुण्यापुढें भाकरीबरोबर गवारीची वाळलेली भाजी आणि ताकांतली मिरची आली, तर ती कोणत्या महिन्यांतल्या शिलकेंतून आली, कोणी खुडली, कोणी वाळविली आणि कोणाला वांटून उरली, याचा क्षणभर विचार करावा. कोणत्याहि दप्तरांत न सांपडणारा इतिहास त्या ताटांत वाढलेला आढळेल.